न चोळलेली पोटरी

गेल्या वर्षी मला सत्तर पूर्ण झाली म्हणून माझ्या मुलीनं मला मालिशला नेलं. खांब गावाच्या पुढं कोलाडच्या अंगाला हल्ली रिसॉर्टं झालीत, त्यातल्या एकात. मी नको नको म्हणत होते, पण तिनं आधीच वेळ घेऊन ठेवली होती. भिंतीवर मोठी पाटी होती. स्वीडिश मालिश, थाई मालिश, डीप टिश्यू, अभ्यंग, पावलांचं वेगळं, डोक्याचं वेगळं, आणि एक गरम दगडांचं. प्रत्येकाखाली फायदे लिहिलेले. रक्ताभिसरण सुधारतं, स्नायू मोकळे होतात, ताण उतरतो, झोप लागते. माझं त्याच्याशी भांडण नाही. गरम दगड वाचून मात्र हसू आलं, कारण आम्हाला बाळंतपणात गरम विटेनं शेकायचे आणि त्याची पाटी कुणी लावली नव्हती.

मग पांढऱ्या कपड्यातली एक पोरगी कागद घेऊन आली. ताप आहे का, ऑपरेशन झालंय का, पायाला सूज आहे का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का. मी म्हटलं, झाली होती, डाव्या पोटरीत, ही माझी मुलगी अकरा दिवसांची होती तेव्हा. ती पोरगी चपापली. तेव्हा कुणी चोळली नाही ना, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही, मालिशवालीनंच चोळू दिली नाही. तर ती गोड हसून म्हणाली, "नशीब म्हणायचं आजी. पूर्वीच्या त्या बायकांना कुठं काय कळायचं? आता आमचा कोर्स असतो ना."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी चपला घातल्या आणि बाहेर येऊन गाडीत बसले. मुलगी मागून आली. आई, असं काय करतेस, काय म्हणाली ती एवढं. तिला काय सांगणार? आणि तिचा तरी काय दोष, मीच तिला कधी काही सांगितलं नव्हतं. त्या कोर्सवाल्या पोरीवर काढलेला राग खरं तर माझ्याच घरावर आणि माझ्यावर काढायचा होता.

माझं माहेर पेणचं. आई मी शाळेत असतानाच गेली, मला वाढवलं आत्यानं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन आमच्याकडं आलेली. वडिलांची भाताची गिरणी होती, घराच्या मागच्याच गल्लीत. गिरणी वडिलांची आणि घर आत्याचं, असं सरळ होतं. तिच्या शब्दापुढं वडीलही जात नसत. माझं लग्न रोह्यात झालं, नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून मी सातव्या महिन्यात पेणला आले.

मालिशवाली यायची ती धरमतरच्या खाडीकडच्या एका गावातून. नवरा मिठागरात कामाला, आणि ही सकाळी पहिल्या एसटीनं पेणला येऊन चार-पाच बाळंतिणींची घरं करायची. आमच्या गल्लीत तिचा शब्द चालायचा. बाईला दिवस राहिले की आधी हिला सांगून ठेवायचे, नाहीतर ही मिळायची नाही. चाळिशीची असेल. बोलणं तोडून टाकल्यासारखं, आणि हात मात्र इतके मऊ की बाळ तिच्या पायांवर पडलं की रडायचंच थांबायचं.

आमच्याकडं लोकांची एक ठाम समजूत होती. मालिश दुखली पाहिजे. बाई जितकी कळवळेल तितकी मालिश चांगली. रगडून काढ, चुरून काढ, हाडं मोकळी कर, असं जो तो सांगायचा. ही ऐकायची नाही. "मालिश म्हंजे काय कणिक तिंबायची हाय?" म्हणायची. "दुखवायलाच पायजे तर मी कशाला, दगड हाय की."

तिच्याकडंही प्रकार होते, पाटी नव्हती एवढंच. बाळाला खोबरेल, तळहातानं, बोटांनी नाही. छातीवरून बाहेर, आणि पोटावर घड्याळाचा काटा फिरतो तसं हळू गोल, म्हणजे वारा सरतो आणि पोर झोपतं. बाळंतिणीला कोमट तिळाचं तेल. कमरेला आणि पाठीला तळहाताच्या टाचेनं दाब, खांदे आणि मान वेगळी, कारण पाजून पाजून मान मोडते. मिठागरातल्या माणसाला आधी कढत पाण्यानं शेकायचं, मग अंगठ्यानं खोल, सावकाश, एकेक गाठ धरून. म्हाताऱ्याच्या गुडघ्याला सभोवती चोळायचं, वाटीवर नाही. तापात नाही, भरल्या पोटी नाही, फुगलेल्या शिरेवर नाही, पोट फाडून मूल काढलं असेल तर पोटाला हातच नाही. आणि जे मालिशनं होत नाही तेही ती सांगून टाकायची. बाळाचं नाक चोळून चोळून सरळ कर म्हणून आत्या मागं लागली, तर म्हणाली, "नाक बापाचं हाय, तेला मी काय करू?"

आत्याला ती आवडत नव्हती. पण चांगली म्हणून नाव होतं, आणि आपल्या भाचीला दुसरी बाई लावली असती तर लोक काय म्हणाले असते.

बाळंतपण अवघड गेलं. पुढचे दहा दिवस मी खाटेवर उताणी. आमच्याकडची रीतच तशी. बाळंतिणीनं उठायचं नाही, खाली शेगडी, डोक्याला फडकं, आणि पाणी मागितलं तर पळीभर. पाणी प्यायलं की पोट सुटतं म्हणे. माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मालिशवाली रोज सांगायची, हिला उठवा, चार पावलं चालू द्या, पोटभर पाणी द्या. आत्या म्हणायची, "तू तेल लाव. बाळंतपणं मी तुझ्यापेक्षा जास्त बघितलीत." आत्याला स्वतःला मूल नव्हतं, पण हे बोलायची कुणाची छाती नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी माझी डावी पोटरी ठणकत होती. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, घरात पाहुण्या बायका येऊन पडलेल्या, मागच्या दारी लाडू वळणं चाललेलं. आत्या म्हणाली, नस चढलीय, आता ती येईल तेव्हा उतरवून घे.

मालिशवाली आली. बाळाचं करून झालं. मग माझ्या पायाशी बसली, तेलाचा हात पोटरीवर ठेवला आणि तसाच उचलला. हात पालथा करून पुन्हा लावून बघितला. मग उजवी पोटरी बघितली. कोनाड्यातली सुतळी घेतली, एका पोटरीला गुंडाळली, नखानं खूण धरली, दुसरीला गुंडाळली. डावी दोन बोटं जास्त भरली. तिनं पदराला हात पुसले आणि तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं.

"ह्या पायाला मी हात नाय लावनार," ती आत्याला म्हणाली. "हिला डाक्तरकडं न्या. चालवू नका, उचलून न्या."

आत्या म्हणाली, "उद्या बारसं आहे, डॉक्टर कसला? नस चढलीय. जरा जोर लावून रगड, उतरेल."

"नस नाय ही. माझ्या जावेचा पाय असाच फुगला व्हता, असाच गरम. बाळंतीनच व्हती. मीच चोळला. मला तवा कळत नव्हतं. दुपारला ती छाती धरून गेली."

हे तिनं कधी कुणाला सांगितलं नसणार. का सांगेल? जिच्या हातावर पोट, तिनं आपल्या हातानं माणूस गेलं हे चारचौघीत बोलायचं म्हणजे काय? माझ्यासाठी बोलली. दारात दोन पाहुण्या बायका उभ्या होत्या, त्यांच्यासमोर बोलली.

आत्यानं वाटी उघडली आणि स्वतःच पायाशी बसली. माझ्या पोटरीला तिची बोटं लागणार, तेवढ्यात मालिशवालीनं तिचं मनगट धरलं. आमच्या घरात आत्याचं मनगट कुणी धरलं नव्हतं. आत्या पांढरीफटक पडली. "हात सोड," म्हणाली, "आणि घराबाहेर हो." मालिशवालीनं हात सोडला आणि निघाली. आत्या तिच्या मागं मागं दारापर्यंत बोलत गेली. खाडीची, मिठागरवाली, जावेला खाऊन आली आणि आता माझ्या भाचीला अपशकुन करते. तोंडाला येईल ते बोलत होती आणि बोलण्याच्या भरात पोटरी चोळायची राहिली. ती परत खाटेशी येईपर्यंत वडील दारात होते, केसांत भाताचा कोंडा तसाच. मालिशवाली सरळ गिरणीत गेली होती आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांना म्हणाली होती, लेक पायजे असंल तर आत्ता उठा.

वडिलांनी मला उचलून पेणातल्याच डॉक्टरांकडं नेलं, आत्याही बरोबर आली. डॉक्टरांनी पाय बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. "हा पाय कुणी चोळलाय?" त्यांनी विचारलं.

आत्या म्हणाली, "रोज मालिशवाली येते आमच्याकडं."

बघा, यात एक शब्द खोटा नाही. रोज येतच होती. डॉक्टर भडकले. असल्या अडाणी बायकांना घरात घेता कशाला, जीव घेतील एखाद्या दिवशी, वगैरे. कंपाउंडर ऐकत होता, बाहेरचे पेशंट ऐकत होते. आत्या मान हलवत होती. वडिलांना सगळं माहीत होतं, तेही खाली बघत उभे. आणि मी बाकावर पडलेली. मी शुद्धीत होते. घसा कोरडा होता, पण एक वाक्य बोलता आलं असतं. तिनं नाही चोळला, तिनंच अडवलं. एवढंच. मी मूग गिळून पडले. मला वाढवणाऱ्या बाईला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. आता ते आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो.

त्याच दुपारी मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तीन आठवडे इंजेक्शनं. तिथले डॉक्टर म्हणाले, रक्ताची गुठळी आहे, चोळला असता तर सुटून छातीत गेली असती आणि मग आमच्याही हातात काही राहिलं नसतं. हे आत्यासमोरच म्हणाले. मला वाटलं, आता पेणला गेल्यावर ही त्या बाईला बोलावून घेईल, निदान हात जोडेल.

पेणला आले तेव्हा गल्लीत भलतंच पसरलं होतं. मालिशवालीनं पाय चुकीचा चोळला, पोरगी मरता मरता वाचली. डॉक्टर स्वतः म्हणाले. वर, तिनं म्हणे आपली जाऊही अशीच मारली, तिच्याच तोंडून ऐकलंय. आणि वर आणखी एक. आमच्याकडं सव्वा महिना पुरा होण्याआधी मालिशवालीनं बाळंतीण सोडली तर तो मोठा अपशकुन. अशा बाईला दुसरी घरं उंबऱ्यात घेत नाहीत. हिनं सोडली नव्हती, हिला हाकललं होतं, पण ते कोण विचारतो? दोन महिन्यांत तिची पेणातली सगळी घरं गेली.

ती एकदा आली होती. मागच्या दारी उभी राहून म्हणाली, "पोरगी बरी हाय नं गो?" आत्यानं दारातूनच वाटेला लावलं. मी आतल्या खोलीत बाळाला घेऊन होते. तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला. मी भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते, पण लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे.

मी रोह्याला परतले. तिनं दाखवलं तसं मुलीला वर्षभर तेल लावलं. मुलगी शांत झोपायची. नवरा धाटावहून शिफ्ट करून यायचा तेव्हा त्याचे खांदे तिच्याच पद्धतीनं, अंगठ्यानं सावकाश, मोकळे करून द्यायची. शेजारणी म्हणायच्या, तुझ्या हाताला गुण आहे. मी म्हणायची, शिकले पेणला. कुणाकडून, ते सांगायची नाही.

दोनेक वर्षांनी वडखळच्या नाक्यावर ती दिसली. मी पेणची गाडी धरायला उभी, आणि ती मिठागरातल्या बायकांबरोबर टेम्पोतून उतरत होती. पाय खारानं पांढरे, डोक्यावर पालथी टोपली. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, मावशी, तुम्ही माझा पाय चोळला नाहीत, तुम्ही मला वाचवलंत, मला माहीत आहे. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं मी.

ती म्हणाली, "मला काय सांगतंस? मी तिथंच व्हते. ज्यांना ठाव नाय त्यांना सांग."

आणि टोपली सावरत निघून गेली. मला राग आला. खरंच आला. मी आपणहून बोलायला गेले आणि ही अशी तोडून बोलते, असं वाटलं. अक्कल तेवढीच होती. आणखी चार वर्षं मी कुणाला काही सांगितलं नाही.

मग माझ्या भावाच्या मुलीचं बारसं आलं. पेणलाच, त्याच घरात. वहिनीचं माहेर लांब म्हणून बाळंतपण आमच्याकडंच झालेलं. पाळण्याभोवती गल्लीतल्या पंधरा-वीस बायका. कुणीतरी विचारलं, मालिशला कोण येते. आत्या म्हणाली, "बाई पारखून घेतलीय हो यंदा. आमच्या हिच्या वेळचं माहीतच आहे सगळ्यांना. अजून डावा पाय ओढते बघा." आणि माझ्या पायाकडं बोट दाखवलं.

माझा पाय दाखवून. ज्या पायाशी ती स्वतः तेलाची वाटी घेऊन बसली होती, तो पाय.

मी उभी राहिले. आवाज मोठा निघाला. म्हटलं, त्या बाईनं माझा पाय चोळला नाही. ती चोळू नका म्हणत होती. चोळायला आत्या बसली होती आणि त्या बाईनं तिचा हात धरला. तिनं वडिलांना गिरणीतून उठवून आणलं, म्हणून मी जिवंत आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी हे आत्यासमोर सांगितलंय, विचारा तिला. आणि ती अर्ध्या बाळंतपणातून उठून गेली नाही, तिला आम्ही हाकललं.

आत्या उठली आणि स्वयंपाकघरात गेली. एक म्हातारी म्हणाली, जाऊ दे गो, एवढ्या वर्षांचं आता कशाला उकरून काढायचं. मी म्हटलं, तुमच्या घरातून तिला काढली तेव्हा मात्र लगेच काढलीत ना. त्या दिवशी मी कुणाचीच भीड ठेवली नाही. घुगऱ्या न घेताच निम्म्या बायका गेल्या. वहिनी मात्र पाळण्यापाशी बसून होती. म्हणाली, "त्यांना घेऊन या. माझ्या मुलीला त्याच तेल लावतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या गावी गेले. ती अंगणात मासळी वाळत घालत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं काम थांबवलं नाही.

"कोन कोन व्हतं?" तिनं विचारलं.

मी एकेक घर सांगितलं. प्रत्येक घराला ती थोडी मान हलवायची. ती सगळी तिचीच घरं होती. तिथली पोरं तिनं पायांवर घेतली होती. सगळी घरं झाली तेव्हा तिनं विचारलं, "आनि तुझी आत्या?"

"उठून आत गेली," मी म्हटलं.

मग मी वहिनीचा निरोप सांगितला. मावशी, उद्यापासून या, सगळ्यांना आता खरं कळलंय, बाकीची घरंही बोलावतील. ती माझ्याकडं वळली आणि दोन्ही हात पुढं केले. तळहातांना भेगा पडलेल्या, कडा काळ्या आणि टणक, बोटांची कातडी जाड होऊन सोललेली. सहा वर्षं त्या हातांनी खारात मीठ ओढलं होतं. मी तिचा एक हात हातात घेतला तर माझ्याच तळव्याला टोचलं.

"ह्या हातांनी बारा दिवसांचं पोर धरू?" ती म्हणाली. "वरबाडंल गो ते."

मी म्हटलं, तेल लावून लावून होतील पुन्हा मऊ, थोडे दिवस मिठागर सोडा. तिनं हात मागं घेतला.

"तोंड उघडाया तुला सहा वर्षं लागली," ती म्हणाली. "हात काय तवर थांबत नाय."

ती पुन्हा मासळीकडं वळली. मी रस्त्याला लागले. घरी येऊन वहिनीला सांगितलं की आहे तीच बाई राहू दे.